मोठा लोड, रेप्लिका आणि डिस्कवरचा ताण

शंका : आम्ही पोस्टग्रेसमध्ये दर रात्री एक टेबल रिकामे करून त्यात कॉपी कमांडने काही कोटी ओळी भरतो. रेप्लिका जोडल्यापासून हे काम फार रेंगाळते. रेप्लिका तर वेगळ्या मशीनवर आहे. मग आमच्या डिस्कवर ताण का?
– एक वाचक, पुणे

समाधान : रेप्लिकाकडे डेटा पाठवण्याचा भार थोडाच असतो, खरा भार लॉग लिहिण्याचा. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ या लॉगमध्ये नोंदवते, मग टेबलाच्या फाइलीत उतरवते. ‘वॉल लेव्हल’ मिनिमल असेल आणि ट्रंकेट व कॉपी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असतील, तर ओळींची ही नोंद टळते. तुमच्याकडे पूर्वी बहुधा तसेच होते. रेप्लिका मात्र त्या नोंदींवरच चालते. ती जोडताच सवलत संपली आणि प्रत्येक ओळ दोनदा लिहिली जाऊ लागली.

इंडेक्स असल्यास भार आणखी वाढतो. चेकपॉइंटनंतर एखाद्या पानात पहिला बदल झाला, की 8 केबीचे ते अख्खे पान लॉगमध्ये जाते. यूयूआयडीसारख्या विस्कळीत किल्लीमुळे इंडेक्सची असंख्य पाने बदलतात. ‘मॅक्स वॉल साइझ’ मुळात फक्त 1 जीबी असते. मोठ्या लोडमध्ये ती मर्यादा लगेच गाठली जाते, चेकपॉइंट वारंवार होतात आणि तीच पाने पुन्हा पुन्हा लॉगमध्ये जातात.

म्हणून इंडेक्स आधी काढा आणि डेटा भरून झाल्यावर बांधा. मॅक्स वॉल साइझ आणि चेकपॉइंटमधले अंतर वाढवा. त्याच्या बदल्यात सर्व्हर कोसळल्यास सावरायला जास्त वेळ लागेल. शक्य असल्यास लॉगला वेगळी डिस्क द्या. लोडपुरते मिनिमलवर जाऊ नका. त्यासाठी सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो आणि नंतर रेप्लिका नव्याने उभारावी लागते.

शंका : लोडच्या वेळी रेप्लिका मागे पडते आणि मुख्य सर्व्हरची डिस्क भरत जाते. लॉगच्या जुन्या फाइली हाताने पुसू का?
– एक वाचक, नागपूर

समाधान : मुळीच नको, त्याने मुख्य डेटाबेसच धोक्यात येतो. रेप्लिकेशन स्लॉट असेल, तर रेप्लिकाने लॉग स्वतःच्या डिस्कवर पक्का उतरवेपर्यंत मुख्य सर्व्हर तो राखून ठेवतो. लॉगची डिस्क पूर्ण भरली, की सर्व्हर बंद पडतो.

आधी ‘पीजी स्टॅट रेप्लिकेशन’मध्ये फ्लश लॅग आणि रिप्ले लॅग पाहा. फ्लश मागे असेल, तर दोष नेटवर्कचा किंवा रेप्लिकाच्या डिस्कचा. फक्त रिप्ले मागे असेल, तर लॉग पोहोचला आहे, पण तो लागू करणारी एकच प्रोसेस असल्याने ती मागे राहते; अशा वेळी स्लॉट मुख्य सर्व्हरवर लॉग अडवत नाही. 2020 साली आलेल्या 13व्या आवृत्तीपासून स्लॉटने किती लॉग राखावा, याला मर्यादा घालता येते. ती जरूर घाला. मर्यादा ओलांडल्यावर रेप्लिका पुन्हा उभारावी लागेल, पण मुख्य डेटाबेस चालू राहील.