आईचं अक्षर आणि कॉम्प्युटर

तुमची मराठीची वही उघडा आणि तुम्हीच लिहिलेली एखादी लांब ओळ नीट बघा. सुरुवातीला शिरोरेषा सरळ असते. ओळ संपत आली की ती वर चढते नाहीतर खाली घसरते, अक्षरं दाटीवाटीने बसतात. थोडंफार सगळ्यांचंच असं होतं.

हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात राहणाऱ्या एका आईचंही असंच होई. तिची मुलगी वेरा मोल्नार (जन्म १९२४) चित्रकार होती आणि १९४७ पासून पॅरिसमध्ये राहत होती. आई दर आठवड्याला पत्र लिहायची. प्रत्येक ओळ डावीकडे अगदी शिस्तीत सुरू व्हायची आणि उजवीकडे जाता जाता थरथरायची. वर्षं गेली तशी शिस्त कमी झाली, थरथर वाढली. पत्र वाचणं अवघड होत गेलं, पण वेराबाईंना ते नुसतं बघायलाही आवडायचं. मग एक दिवस पत्रं यायची थांबली.

पुढचं सांगण्याआधी थोडं मागे जाऊ. वेराबाईंची चित्र काढायची पद्धत वेगळी होती. आधी नियम ठरवायचा आणि मग तो हाताने, एका वेळी एक पायरी, पाळायचा. या पद्धतीला त्या 'काल्पनिक यंत्र' म्हणत. १९६८ मध्ये त्यांना खरा कॉम्प्युटर वापरायला मिळाला. त्याला स्क्रीन नव्हता! भोकं पाडलेल्या कार्डांवरून प्रोग्रॅम द्यायचा, आणि प्लॉटर, म्हणजे पेन धरून कागदावर रेघा ओढणारं यंत्र, चित्र काढायचा. कागद हातात येईपर्यंत आत काय चाललंय ते कळायचं नाही.

अशा कलेला जनरेटिव्ह आर्ट म्हणतात. यात कलाकार थेट चित्र काढत नाही, चित्राचे नियम लिहितो. काही गोष्टी तो मुद्दाम नशिबावर सोडतो, आपण फासा टाकतो तशा. मी रोज ऑफिसात कोड लिहितो. आमच्याकडे प्रोग्रॅमने मनानेच काही केलं तर त्याला बग म्हणतात आणि तो संध्याकाळपर्यंत काढायचा असतो. वेराबाई मात्र गोंधळ स्वतःहून आत घालायच्या, पण मोजून. एक टक्का गोंधळ त्यांना आवडायचा.

आता परत पत्रांकडे. १९८० च्या दशकात त्यांनी आईचं अक्षर कॉम्प्युटरकडून काढून घ्यायला सुरुवात केली. त्या चित्रांत वाचता येईल असा एकही शब्द नाही. नुसत्या वरखाली जाणाऱ्या रेघा आहेत, डावीकडे शांत आणि उजवीकडे अस्वस्थ. तरी लांबून बघितलं की वाटतं, हे कोणाचं तरी पत्र आहे. या मालिकेचं नावच 'माझ्या आईची पत्रं'.

कॉम्प्युटरला आई म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्याच्याकडे फक्त आकडे होते. कुठली रेघ किती हलणार हे त्याने ठरवलं असेल. पण हलायचं ते उजवीकडेच, हे एका मुलीने वर्षानुवर्षं पत्रं बघून ओळखलं होतं. मला तरी ती चित्रं तिचीच वाटतात. आज एक वाक्य टाईप केलं की चित्र तयार होऊन येतं. तिथे उत्तर इतकं सोपं नाही, कारण नियम आपण लिहिलेले नसतात. वर्गात यावर वाद घालू या.

वेराबाई २०२३ मध्ये, ९९ व्या वर्षी गेल्या.

करून पाहा : कागदावर आडवी ओळ धरून वीस उभ्या रेघा काढा. पहिल्या दहा ५ मिलिमीटर उंच. पुढच्या प्रत्येक रेघेआधी फासा टाका आणि जो आकडा पडेल त्याच्या दुप्पट मिलिमीटर उंच रेघ काढा. अशा आठ ओळी झाल्या की कागद भिंतीला लावून लांबून बघा. मग घरातल्या कोणाचं तरी हस्ताक्षर शोधा, आजीची चिठ्ठी असेल किंवा बाबांची सामानाची यादी. ते अक्षर यंत्राला शिकवायचं तर कोणता नियम लिहाल? पाच-सहा ओळींत लिहून आणा.