संसार गाडीवर, लक्ष काट्यावर

दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या वाड्या-तांड्यांवर गाड्या भरू लागतात. ऊसतोडीच्या टोळीचं बिऱ्हाड म्हणजे ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, भांडी, पाण्याचे ड्रम, बाजा, राहायच्या कोपीसाठी, म्हणजे झोपडीसाठी, बांबू आणि या सगळ्यावर एखादी सायकल. पाच-सहा महिन्यांचं घरच असतं ते. मी पिकअप चालवतो आणि हंगामात असलीच भाडी करतो. भाडं निघताना ठरलेलं असतं, डिझेल मात्र गाडीवाल्याच्या खिशातलं. म्हणून नव्याने या धंद्यात उतरणाऱ्या पोरांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट म्हणजे वजन आणि उंची यांचा हिशोब वेगवेगळा ठेवा. वजन चढाला आणि गाडी जागेवरून उचलताना डिझेल खातं. उंची खाते ती सपाट, मोकळ्या रस्त्यावर, जिथे आपल्याला वाटतं की आता गाडी आरामात पळतेय. समोरच्या हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसचे ऐंशी केले की तो चौपट होतो, साठचे ऐंशी केले तर जवळपास पावणेदोन पट. डिझेल काही पावणेदोन पट लागत नाही, कारण टायर फिरवायला लागणारी ताकद त्या मानाने फार वाढत नाही. पण कॅबिनच्या वर चार फूट सामान रचलेलं असेल, तर हवेचा वाटाच मोठा होऊन बसतो. पाटोद्याकडच्या माळावर एवढाल्या पवनचक्क्या फिरवणारी हीच हवा. तिला छाती काढून भिडायचं तर दाम मोजावाच लागतो.

मिरजेकडे जायला आम्ही मांजरसुंबा, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला असं जातो. एका खेपेला कुर्डुवाडीच्या पुढे टोळीच्या मुकादमाचे फोन सुरू झाले. "हाणा की जरा, भाऊ. सकाळच्याला फडात पोचायचंय." रस्ता मोकळा होता, काटा ऐंशीला टेकला. शेजारी टोळीतली एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "दादा, ताडपत्री ओरडायलीय." आरशात पाहिलं तर ताडपत्रीत हवा भरली होती. सगळं सामान फुगलेल्या गोणीसारखं दिसत होतं. थांबून उतरलो तर ताडपत्रीची पुढची कड सुटलेली, आणि वर उपड्या ठेवलेल्या बाजेचे पाय कापड फाडायच्या बेतात. बाज खाली घेऊन फाळक्याला आडवी बांधली, ताडपत्री कॅबिनच्या टपापासून मागे चढती ओढली, दोरीला काठी घालून पीळ दिला. मग साठवर गाडी धरली. गिअर वरचाच होता, पण ॲक्सिलरेटरवर पाय नुसता ठेवल्यासारखा होता. ओझं किलोभरानेही कमी झालं नव्हतं.

आता पैशांचं बोलू. तीनशे किलोमीटरच्या वाटेला दहाचं ॲव्हरेज पडलं तर ३० लिटर लागतात, बाराचं पडलं तर २५. हे पाच लिटर म्हणजे भाड्यातली आपली कमाई. वेळेचं म्हणाल तर साठऐवजी ऐंशीने गेल्यावर दर साठ किलोमीटरला पंधरा मिनिटं वाचतात, तीही रस्ता सलग मोकळा असेल तर. मध्ये गावं, गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्या आणि चहा असतोच. पीसीआरए ही इंधनबचतीवर काम करणारी सरकारी संस्था ४५ ते ५५ चा वेग सांगते. चौपदरी रस्त्यावर मालवाहू गाडीला कायद्याने ८० ची मुभा आहे, साध्या रस्त्यावर ६० ची. पण मुभा आहे म्हणून तेवढंच पळवलं पाहिजे असं नाही. उंच भरलेली गाडी मी ५५ ते ६० च्या वर नेत नाही.

भरताना पोती आणि पेट्या तळाला, कॅबिनला लागून ठेवा. जड माल मागच्या टोकाला गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग पोहू लागतं. हलकं सामान वर ठेवा, पण शक्यतो कॅबिनच्या उंचीत. टायरची हवा गाडी थंड असताना, निघण्याआधी बघा. हवा कमी असेल तर डिझेलही जातं आणि टायरही तापतो. पासिंगपेक्षा जास्त भरू नका; ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो.

धारूरच्या घाटात किंवा मांजरसुंब्याच्या उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे अजून भेटतात. नव्या कॉमन रेल इंजिनात हिशोब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असला, तर उतारावर इंजिनात डिझेल जवळपास जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. वर सगळं ओझं ब्रेकवर येतं आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. म्हणून ज्या गिअरने घाट चढता, साधारण त्याच गिअरने उतरा.

आणि सामानावर माणसं बसवू नका. कायद्याने ते मना आहेच, पण बाया-पोरं वर बसली की गाडीचा तोल वर सरकतो आणि आडव्या वाऱ्याच्या एका झोताला गाडी हेलपाटते. माणसांसाठी वेगळी गाडी आधीच ठरवून घ्या. त्याचा खर्च कुणाच्या नावावर, हे मुकादमाशी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देण्या-घेण्याच्या वेळीच बोलून टाका. पोचायची वेळही त्याला तेव्हाच सांगा, चहा-जेवणाचे थांबे धरून. वाटेत फोनवर घासाघीस करायची वेळ येऊ देऊ नका.

एवढं सांगूनही वाद घालणारे असतातच. त्यांना माझं एकच सांगणं असतं: निघताना टाकी गळ्यापर्यंत भर, किलोमीटर लिहून ठेव, पोचल्यावर तशीच पुन्हा भर. पुढच्या खेपेला तेवढंच सामान घेऊन वेग वीसने कमी कर आणि परत मोज. दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या की मला काही बोलावं लागत नाही.