चेंडू हातात घेण्याआधी : बास्केटबॉलसाठी जोर, बैठका आणि खेकडा चाल



शाळेत बास्केटबॉलची टीम करायची म्हटलं की आपली तयारी ठरलेली असते. ग्राउंडला पाच फेऱ्या, थोडे हातपाय झटकायचे, की लगेच चेंडू. पळून दम वाढतो हे खरंच. पण हा खेळ एकदा नीट बघा. मैदान फक्त 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. त्यात मूल सरळ असं पळतं किती? चार पावलं पळालं की थांबतं, वळतं, उडी मारतं, खाली येतं, कुणाला तरी धडकून पडतं. म्हणजे पळण्याइतकंच काम थांबण्याचं आणि उतरण्याचं आहे. आणि नेमकं तेच आपल्या तयारीत नसतं.

रिबाउंडसाठी उडी मारून मूल खाली येतं तेव्हा पायांवर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. मांड्या, कंबर, पोट यांनी तो भार झेलला तर ठीक, नाही तर तो गुडघ्यावर आणि घोट्यावर जातो. सहावी-सातवीच्या मुलींकडे उतरताना समोरून बघा. पुष्कळ जणींचे गुडघे आतल्या बाजूला, एकमेकांकडे झुकतात. वयात येताना उंची भराभर वाढते, ताकद मागे राहते. अचानक थांबण्या-वळण्याच्या खेळांत गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये जास्त आहे, त्यामागे हे उतरणं हे एक मोठं कारण मानतात. एकदा गुडघा गेला की घरचे म्हणतात, पुरे झाला खेळ. मुलाला कदाचित सहा महिन्यांनी परत पाठवतील. मुलीला बहुतेक वेळा नाहीच. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

यावर महागडं काही लागत नाही. अमेरिकेत शिकागोच्या सरकारी हायस्कुलांमध्ये बास्केटबॉल आणि फुटबॉल खेळणाऱ्या सुमारे 1500 मुलींवर एक अभ्यास झाला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांच्या प्रशिक्षकांना वीस मिनिटांचा वॉर्मअप शिकवला : ताकद, उड्या, तोल, चपळाई. तो त्यांनी आपापल्या टीमकडून करून घेतला. कुणाचा धक्का न लागता होणाऱ्या पायांच्या दुखापती या मुलींमध्ये कमी झाल्या. बाहेरून कुणी तज्ज्ञ रोज येत नव्हता. घेणारे शाळेचेच लोक होते, ही गोष्ट मला जास्त आवडली.

आता आपल्याकडे बघू. जोर आणि बैठका ही आपल्या तालमीची जुनी ठेव. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये नेले. म्हणजे जमिनीवर, स्वतःच्याच वजनाने व्यायाम करणं आपल्याला नवीन नाही. फक्त आपण त्याला कुस्तीच्या नाहीतर योगाच्या कप्प्यात ठेवलं आणि बास्केटबॉलला 'इंग्लिश खेळ' म्हणून वेगळं काढलं.

आणि गंमत बघा. बास्केटबॉल जन्मला तोच मुळी अशा व्यायामाच्या कंटाळ्यातून. डिसेंबर 1891, अमेरिकेतलं स्प्रिंगफिल्ड. हिवाळ्यामुळे बाहेर खेळता येईना आणि आतल्या हॉलमधल्या त्याच त्या कवायतीला पोरं वैतागली होती. तेव्हा जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीचच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या. तीच उंची, 3.05 मीटर, आजही आहे. आपल्या रत्नागिरीत बर्फ नाही, पण जून ते सप्टेंबर पाऊस तेच काम करतो. ग्राउंडवर तळं, आणि टीम व्हरांड्यात. मात्र त्या हॉलमधला धडा विसरू नका : जमिनीवरचा व्यायाम लांबवला की मुलं वैतागणारच. बारा ते पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, तेही खेळासारखं. बस्स.

मी काय घेते ते सांगते. आधी अस्वल चाल : तळहात आणि पावलं जमिनीवर, गुडघे टेकायचे नाहीत, पण जमिनीपासून वीतभरच वर. व्हरांड्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत, सावकाश. खांदे आणि पोट किती कच्चे आहेत ते इथेच कळतं. मग खेकडा चाल. बसून हात मागे टेकायचे, कंबर उचलायची आणि आडवं चालायचं. डिफेन्स करताना मूल आडवंच सरकतं, म्हणून ही चाल मी डावी-उजवी दोन्हीकडे घेते. कोकणातल्या मुलांना खेकडा शिकवावा लागत नाही, नक्कल तेच आपल्यापेक्षा बरी करतात!

बेडूक उडीला सगळ्यात जास्त वेळ द्या. नियम एकच, उतरताना आवाज आला नाही पाहिजे. 'गुडघे वाकवा, कंबर मागे घ्या' असं दहादा सांगून जे होत नाही ते 'मांजरासारखं उतरा' म्हटल्यावर होतं. उतरल्यावर दोन आकडे मोजेपर्यंत तसंच थांबायचं, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत. जोडीदार समोर उभा राहून बघतो आणि सांगतो. त्यानंतर बैठका. तालमीतल्या बैठकीत टाचा उचलतात, मी मात्र टाचा टेकवूनच घेते, कारण मैदानावर खाली वाकून उभं राहायचं ते पूर्ण पावलावर. जोर आधी गुडघे टेकवून पाच, जमले की पूर्ण. पाठीचा झोका बिघडला की तिथेच थांबवा, आकडा पुरा करायचा हट्ट नको.

पडणंही शिकवावं लागतं. कबड्डीतलं पोर अंग सैल सोडून पडतं. बास्केटबॉलवालं हात ताठ करून पडतं आणि मनगट दुखावून घेतं. खांद्यावरून तिरकी कोलांटउडी दुहेरी सतरंजीवर किंवा गादीवरच घ्या, डोकं टेकू देऊ नका. मानेचा त्रास असलेल्या मुलाला अजिबात नको. आणि हे सगळं सिमेंटच्या कोर्टवर किंवा जांभ्याच्या उघड्या अंगणात करू नका, तळहात सोलून निघतात.

पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. "बाई, पोरीला बास्केटबॉल शिकायला पाठवलंय, ती तर रोज रांगून कपडे मळवून येते." मी त्यांना मुलीची बेडूक उडी समोर करून दाखवायला सांगते. बहुतेक आया लगेच ओळखतात की ही आधी धपकन उतरायची. वहीतही प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहिते : एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, नीट जोर किती, आणि उतरण्याचा आवाज, 'धप्प', 'मध्यम' की 'गप्प'. मुलं तिसऱ्या रकान्यावरून भांडतात, पहिल्या दोनवरून नाही.

काही काळजी. पोषण आहारानंतर लगेच हे घेऊ नका, आधीच घ्या. गुडघ्याला सूज असेल किंवा मूल लंगडत असेल तर व्यायाम नाही, डॉक्टर. पाळीच्या दिवसांत करायचं की नाही हे मुलीने ठरवायचं, आपण चारचौघांत विचारायचं नाही.

आणि एक अगदी साधी गोष्ट. मुली कडेला उभ्या राहून "बाई, आज नको" म्हणतात, त्याचं कारण पुष्कळदा आळस नसतं, स्कर्ट असतो. स्कर्टमध्ये खेकडा चाल कोण करणार? तुमच्या वर्गात ज्या तीन दिवशी हे घ्याल त्या दिवसांसाठी पालकांच्या ग्रुपवर आदल्या संध्याकाळी एवढंच टाका : उद्या मुलींना ट्रॅक पँट घालून पाठवा. नवीनच पाहिजे असं नाही, भावाची जुनीही चालेल.