वानुआतू वाट्याला आला तर

पुढच्या गुरुवारी रात्री तुमची चौदा मुलं माझ्यासोबत महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला निघतील. तीन दिवसांची मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे मुलांच्या भाषेत एमयूएन; प्रत्येकाने वाट्याला आलेल्या देशाची बाजू मांडायची. फी, कोट, औषधं, मोबाइल हे सगळं पालकसभेत बोलून झालं. एक गोष्ट मात्र चारचौघांत बोलवेना, ती आता सांगते.

देशांची यादी लागली त्या संध्याकाळी मला पाच फोन आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, "मॅडम, आमच्या पोराला जरा मोठा देश द्या ना." तुमची तळमळ मला कळते. पण दोन वर्षांपूर्वीचं सांगते. आपल्या एका मुलीच्या वाट्याला वानुआतू आला. प्रशांत महासागरातली ऐंशीवर बेटं, आणि सगळी मिळून वस्ती आपल्या कोल्हापूर शहराहूनही कमी. घरी जाऊन ती रडली.

मग वाचायला बसली. तिला कळलं, की २०१९मध्ये वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला इथे शिकणाऱ्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी एक ध्यास घेतला होता. हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. वानुआतूच्या सरकारने ते मनावर घेतलं. २९ मार्च २०२३ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव मतदानाची वेळही न येता संमत केला. १३०हून अधिक देश त्याचे सहपुरस्कर्ते होते. वर्गातल्या बाकांवरून निघालेली गोष्ट आमसभेपर्यंत गेली, हे त्या मुलीने मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे मी पाहिले आहेत.

परिषदेत पहिल्या दिवशी तिला कुणी विचारलं नाही. पाटी उंचावून उंचावून हात दुखला, तेव्हा कुठे चेअरने दीड मिनिट बोलायला दिलं. दुसऱ्या दिवशी अनमॉडरेटेड कॉकस सुरू झाला. त्यात मुलं खुर्च्या सोडतात, घोळके करून ठरावाचे मसुदे लिहितात, खरं काम तिथेच होतं. मोठ्या देशांच्या मुलांना सह्या हव्या होत्या. ही कागद घेऊन मालदीव, फिजी, तुवालू यांच्याकडे फिरली, सगळ्यांना एकत्र बांधलं आणि म्हणाली, आमची दोन कलमं घ्या, मग सह्या. ती कलमं ठरावात आली.

पारितोषिक दुसऱ्याच कुणाला मिळालं. सोमवारी सकाळी कोल्हापूर स्टेशनवर वडिलांनी तिची बॅग घेतली आणि पहिलाच प्रश्न केला, "बक्षीस मिळालं का?" तिने नुसती मान हलवली. रात्रभर गाडीत जे ती आम्हाला भरभरून सांगत होती, त्यातलं एक अक्षर तिथे तिच्या तोंडून निघालं नाही. ते वडील प्रेमळ आहेत, म्हणून मला अधिकच वाईट वाटलं.

अजून एक. भाषण कृपा करून तुम्ही लिहून देऊ नका, पैसे देऊन कुणाकडून लिहून घेऊही नका. समोरून पहिला प्रश्न येतो आणि लिहून दिलेलं तिथेच संपतं. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे. या दिवसांत मुलगा जेवताना सौदी अरेबियाच्या तेलाची बाजू तावातावाने मांडू लागला, तर घाबरू नका. स्वतःला न पटणारी बाजू समजून घ्यायला तो शिकतोय, आणि मोठ्या माणसांनाही ते सहज जमत नाही.

२०२५च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपलं मत दिलं, की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. त्या रात्री वानुआतूवाल्या त्या मुलीचा फोन आला. आता ती कॉलेजात आहे. म्हणाली, "मॅडम, आपल्या वानुआतूचं झालं!"

सोमवारी सकाळी स्टेशनवर याल तेव्हा मुलांना एवढंच विचारा, तुझ्या देशाचं काय झालं? आणि सांगता सांगता रिक्षातच डोळा लागला, तर झोपू द्या.