पाण्यातून लस : कुक्कुटपालकांसाठी काही पथ्ये

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील आंबोली येथे वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलीमीटर पाऊस पडतो. अशा ठिकाणी पशुपक्ष्यांना पाण्यातून औषध देणे सोपे असावे, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. अशा औषधाची मात्रा प्राणी किती पाणी पितो यावर ठरते. पावसाळ्यात ओला चारा खाणारी गुरे पाणी कमी पितात. त्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वजनानुसार, एकेकास औषध पाजणेच इष्ट. कोंबड्यांच्या थव्यास मात्र, पथ्ये पाळल्यास, ही पद्धत सोयीची ठरते.

मानमोडी अर्थात राणीखेत हा कोंबड्यांचा घातक विषाणुजन्य रोग आहे. त्यावर खात्रीचा उपचार नाही. लसीकरण हाच मार्ग. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात देतात आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात तीच लस पाण्यातून देतात. ही लस जिवंत विषाणूंची असते. पावसाळ्यात विहिरीत टाकलेली टीसीएल पावडर माणसांचे रोगापासून रक्षण करते. परंतु तिच्यातील क्लोरीन लसीतील विषाणूही निष्प्रभ करतो. मग लस दिल्याची नोंद होते आणि कोंबड्या मात्र असुरक्षितच राहतात.

यासाठी माणसांच्या पाण्याचे शुद्धीकरण थांबविण्याचे कारण नाही. लसीपुरते क्लोरीनविरहित स्वच्छ, थंड पाणी वेगळे घ्यावे. त्यात दर लिटरला ५ ग्रॅम स्निग्धांशरहित दूध भुकटी विरघळवून मग लस मिसळावी. पाण्याचे प्रमाण पक्ष्यांच्या वयानुसार व कुपीसोबतच्या सूचनेनुसार ठेवावे. भांडी प्लास्टिकची असावीत. ती जंतुनाशकाने धुऊ नयेत. लस बर्फात आणावी आणि पहाटे, उन्हाआड द्यावी. तत्पूर्वी सुमारे दोन तास पक्ष्यांना पाणी देऊ नये. त्यांना खुराड्यातच कोंडावे. बाहेर सोडल्यास ते डबक्यातच तहान भागवतील. मिसळलेली लस दोन तासांत संपली पाहिजे. सर्वांना एकाच वेळी पिता येईल इतकी भांडी ठेवावीत. आजारी पक्ष्यांना लस देऊ नये.

परसातील दहा-वीस कोंबड्या ही अनेक घरांतील गृहिणींची हक्काची मिळकत असते. ग्रामपंचायत सदस्यांनी विहिरीत पावडर टाकण्याचा दिवस आधी जाहीर केला, शिक्षकांनी ही पथ्ये विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचविली आणि पशुवैद्यकीय दवाखान्याशी विचारविनिमय करून वाडीवार लसीकरणाचा दिवस ठरविला, तर ही मिळकत निश्चितच सुरक्षित राहील.