पावडरच्या डब्याआधी रक्त तपासा

मी आळशी नव्हते, हे आधी सांगते. 'मन जरा खंबीर करा' असं ज्यांनी ज्यांनी तेव्हा ऐकवलं, त्यांच्यासाठी पुन्हा सांगते. बँकेतल्या बदलीचं प्रकरण, त्यात सासूबाईंचं आजारपण, वर शाखेत विम्याचं टार्गेट. रात्रभर जात्यावर दळण दळल्यासारखं अंग घेऊन मी सकाळी उठायचे. कॅश मोजताना मध्येच आकडा हातून निसटायचा, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. नेहमीच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन पाहिलं, ११.४ आलं. 'बायकांचं एवढं असतंच' म्हणाले आणि विषय संपला.

मग मैत्रिणीच्या ओळखीने एका वेलनेस सेंटरमध्ये गेले. तिथल्या मॅडमनी मुठीत धातूचा एक दांडा धरायला दिला. वायर कॉम्प्युटरला. मिनिटभरात छापील रिपोर्ट बाहेर: यकृत कमजोर, आतडी कमजोर आणि लाल अक्षरांत 'ॲड्रिनल फटीग'. ताणाने तुमच्या ग्रंथी दमल्यात, असं त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं. इतक्या दिवसांत माझा थकवा खरा मानणारं पहिलंच माणूस भेटलं होतं. त्याचीच त्यांनी किंमत लावली. भाकरी बंद, भात बंद, दूध-दही बंद. सकाळी हिरवा रस, दोन वेळा पावडर, रात्री अश्वगंधाच्या गोळ्या. चक्कर येते म्हटलं, तर 'शरीर विष बाहेर टाकतंय.' केस गळतात म्हटलं, तर आणखी एक डबा. पैसे रोख, पावती मागितली की 'पुढच्या वेळी देते.' फरक पडत नाही म्हणाले, तेव्हा मॅडमचा आवाज बदलला. 'तुमचे विचारच नकारात्मक आहेत, त्याला आमचं औषध काय करणार?' चार पेशंटांसमोर म्हणाल्या. ते वाक्य आजही डोक्यातून जात नाही.

नणंदेने हट्टाने एका फिजिशियनकडे नेलं. त्यांनी सगळे डबे टेबलावर मांडायला लावले आणि एकेक लेबल वाचू लागले. केसांच्या गोळ्यांवर थांबले. 'यात बायोटिन भरपूर आहे. याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आधी बंद करा, मग रक्त देऊ.' पुढचा प्रश्न, 'ॲसिडिटीची गोळी किती वर्षं घेताय?' वर्षानुवर्षं. 'त्याने बी-१२ कमी शोषलं जातं. मग ते कधी तपासलं?' कोणीच नाही, कधीच नाही. मी शाकाहारी, वर्षानुवर्षं रोज ती गोळी, आणि एवढा साधा प्रश्न तोवर कोणाला सुचला नव्हता. रिपोर्ट आले: बी-१२ १३०, फेरिटिन ९. म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला, आणि हिमोग्लोबिन मात्र किंचितच कमी दिसत होतं.

'ॲड्रिनल फटीग' या नावाचं निदान वैद्यकशास्त्रात नाही, हे त्यांच्याकडूनच कळलं. जेम्स विल्सन नावाच्या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने १९९८ मध्ये ते नाव रूढ केलं. २०१६ मध्ये ५८ अभ्यास तपासून संशोधकांनी त्याला आधार नसल्याचं लिहिलं. ॲड्रिनल ग्रंथींचा खरा आजार आहे, ॲडिसनचा. तो कॉर्टिसोलच्या रक्ततपासणीने कळतो, दांडा धरून नाही. वजन उतरत असेल, त्वचा काळवंडत असेल, रक्तदाब खाली जात असेल, मीठ खावंसं वाटत असेल, तर लगेच डॉक्टर गाठा.

म्हणून सांगते, थकवा आठवड्यांमागून आठवडे टिकला, तर आधी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, बी-१२, थायरॉइडची टीएसएच, साखर, किडनी आणि लिव्हर यांच्या तपासण्या करून घ्या. कुठलीही पावडर, गोळी, काढा चालू असेल तर डॉक्टरांना डब्यासकट दाखवा. अश्वगंधाही 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून दाखवायचं टाळू नका; क्वचित लिव्हरला अपाय होतो आणि थायरॉइडवरही परिणाम होतो.

मला बी-१२ची इंजेक्शनं आणि दिवसाआड लोहाची गोळी दिली. बी-१२ भाजीपाल्यात नसतं, त्यामुळे मॅडमनी बंद केलेलं दूध-दही पुन्हा सुरू झालं. जेवणाबरोबर चहा बंद, कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. पुढे-मागे तासभर तरी जाऊ द्या. मटकी मोड आणून, वर लिंबू पिळून. अळिवाचा लाडू सकाळी. नाश्ता न करता घराबाहेर पडायचं नाही. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नाही, झोप त्यानेच सुधारली. रोज चाला, पाणी प्या, मोबाइल लांब ठेवा, हे सगळे सांगतातच, करा. पण एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती: बरं वाटेल त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायला जाऊ नका. माळा आवरला की पुढचे दोन दिवस अंथरुणात, असं माझं कितीदा झालं.

आहाराने सगळं झालं, असं मात्र म्हणणार नाही; कामाचा ताण होताच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली, त्यात तो कामाच्या ठिकाणी साचलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येतो, असं म्हटलं आहे. साहेबांना ते छापून दाखवलं. जेवणाच्या वेळी काउंटर बंद ठेवायचा नियम आधीपासून होताच, पाळायचा कोणी नाही. मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आता अर्धा तास डबा बसून खाते. साहेब बोलत नाहीत माझ्याशी. न बोलू देत.