अडखळणारें एंजिन



वैद्य रोग्याच्या घरीं येतांच औषधाची बाटली उघडीत नाहीं. तो प्रथम नाडी पाहतो, विचारपूस करतो, मग निदान ठरवितो. बिघडलेल्या यंत्रापुढें मात्र आपण आधीं औषध देतों व मागाहून रोग शोधतों. माझाच अनुभव सांगतों. एका स्नेह्याची जुनी मोटार धक्के देत चालूं लागली. मीं एका दुपारींच चारही स्पार्क प्लग बदलले, पेट्रोलाचें मिश्रण कमीजास्त केलें आणि ठिणगीची वेळही हलविली. पूर्वी रडतखडत चालणारी गाडी त्यानंतर सुरूच होईना!

सिलिंडरांत स्फोट होण्यास तीन गोष्टी लागतात : हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि वेळेवर पडणारी ठिणगी. म्हणून पहिला प्रश्न असा कीं, दोष एकाच सिलिंडरांत आहे कीं सर्वांत? ठराविक अंतरानें एकच ठोका गळत असेल, तर दोष बहुधा एकाचा. ठोके वाटेल तसे गळत असतील, तर सर्वांना लागणारें मिश्रण तपासावें. पेट्रोल कमी पडलें तर कार्बुरेटरांतून फटफट आवाज येतो. अधिक झालें तर काळा धूर निघतो.

उदाहरणादाखल फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' गाडी घेऊं. १९०८ ते १९२७ या काळांत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या; हौशी लोक त्या आजही चालवितात. तिच्या चार सिलिंडरांना चार स्वतंत्र कॉईल असून त्या एका पेटींत बसविलेल्या असतात. प्रत्येकीवर एक थरथरणारें पातें असतें. एंजिन चालू असतां कोरड्या लांकडी काडीनें एकेक पातें दाबून धरावें, म्हणजे तेवढा सिलिंडर बंद पडतो. निरोगी सिलिंडर बंद केला कीं एंजिन अधिकच लंगडतें. ज्याचें पातें दाबूनही कांहींच फरक पडत नाहीं, तोच दोषी.

आतां एंजिन बंद करून त्याची कॉईल शेजारच्या कॉईलशीं बदलावी. दोष कॉईलबरोबर गेला, तर ती खराब. जेथल्या तेथें राहिला, तर ती निर्दोष. मग प्लगचीही अशीच अदलाबदल करावी. तरीही उत्तर न मिळाल्यास तार व टायमर पाहावे. एंजिन चालू असतां प्लगच्या तारेस हात लावूं नये. धक्का जबर बसतो.

ठिणगी ठीक असूनही सिलिंडर मुकाच राहिला, तर दाब तपासावा. किल्ली बंद करून व ब्रेक ओढून हँडल सावकाश फिरवावें. दोन फेऱ्यांत चार वेळां सारखाच जोर लागला पाहिजे. एकदां हात सहज गेला, तर झडप नीट मिटत नसावी किंवा दट्ट्याच्या कड्या झिजल्या असाव्यात.

माझ्या स्नेह्याच्या मोटारीचें पुढें काय झालें? मिश्रण व ठिणगीची वेळ पूर्ववत् करतांच ती सुरळीत चालूं लागली! जुने प्लग एकेक करून पुन्हां लावून पाहिले, तेव्हां एकाची चिनीमाती तडकलेली आढळली. म्हणजे रोग माझ्या पहिल्याच उपायानें बरा झाला होता. पण त्यानंतर एंजिन चालवून पाहण्याइतका धीर मजजवळ नव्हता. एका वेळीं एकच फेरफार करावा, आणि त्याचा परिणाम पाहिल्याखेरीज दुसऱ्यास हात घालूं नये.